शहरांतील वेशी

मुंबई हें अनेक जातींचें, अनेक धर्मांचें व अनेक भाषांचें शहर आहे, हें वाक्य आतां इतकें घासून गुळगुळीत झालें आहे कीं, तें उच्चारतांना उच्चारणाराच्या मनांत कांहीं विचार उत्पन्न होतो असें दिसत नाहीं. सभेंत वक्ता तें म्हणतो, श्रोते टाळ्या देतात, आणि सभा आटोपल्यावर जो तो आपल्याच जातीच्या, आपल्याच भाषेच्या व आपल्याच आहाराच्या शेजाऱ्यांत जाऊन निजतो. या शहराच्या वैविध्याचा आम्हांसहि अभिमान आहे. परंतु एका शहरांत शंभर प्रकारचे लोक राहतात एवढ्यावरून ते एकत्र राहतात असें सिद्ध होत नाहीं. खेडेगांवांत वेस असे. वेशीच्या आंत कोणीं राहावें व बाहेर कोणीं राहावें हें जन्मानें ठरलेलें असे. ती वेस सोडून लक्षावधि माणसें मुंबईस आलीं. येतांना त्यांनीं तीच वेस आपल्या वळकटींत बांधून आणली कीं काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षीं झालेल्या शिरगणतींत या शहराची लोकसंख्या ८ लक्षांहून अधिक भरली. २०११ च्या शिरगणतींत ती सुमारें १ कोटि २४ लक्ष झाली. एवढा जनसमूह येथें एकदम उतरला नाहीं. तो टप्प्याटप्प्यानें आला, आणि ज्यानें त्यानें आपापली जागा धरली. सर्वांच्या आधींचे कोळी. वरळी, माहीम, माझगांव, शीव येथील कोळीवाडे या बेटांचें शहर झालें नव्हतें तेव्हांपासूनचे आहेत. कोंकणांतून आलेल्या बेने इस्रायल लोकांनीं मांडवीस १७९६ सालीं आपलें प्रार्थनामंदिर बांधलें. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत यांस शनवार तेली म्हणत, आणि यांची घरची भाषा मराठीच होती. तेथून जवळच डोंगरी व भेंडी बाजार येथें बोहरी, खोजे, मेमण व कोंकणी मुसलमान यांची दाट वस्ती झाली. काळबादेवीस गुजराती, कच्छी व मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेढ्या व कापडाचा बाजार. धोबी तलावाच्या परिसरांत गोमंतकीय ख्रिस्ती. गिरगांवांत मराठी कारकून, मास्तर, वकील व छापखानेवाले, आणि त्याच गिरगांवच्या पोटांत, खोताच्या वाडींत, लांकडी सज्जांच्या घरांतून राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. तेलंगणांतून आलेल्या कामाठी मजुरांवरून कामाठीपुऱ्यास त्याचें नांव मिळालें. मदनपुऱ्यांत उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकर आले. परळ, लालबाग व डिलाइल रोड येथें रत्नागिरी, सातारा व कोल्हापूर या भागांतील शेतकऱ्यांचीं मुलें गिरण्यांच्या भोंग्याबरोबर उठूं लागलीं. माटुंग्यास दक्षिणेकडील तामीळ व कानडी मंडळी. धारावींत सौराष्ट्रांतील कुंभार आणि तामीळ मुलुखांतील कातडें कमावणारे. दोन मैलांच्या फेरींत पांच भाषा, सहा प्रकारचीं प्रार्थनास्थळें व दहा प्रकारचे खाद्यपदार्थ आढळतील असें दुसरें शहर आपल्या देशांत क्वचितच असेल.

या वस्त्या अशा वेगवेगळ्या कां झाल्या, याचा विचार केल्यास प्रथमतः कोणासहि दोष देतां येत नाहीं. खेड्यांतून नवखा मनुष्य येतो. त्यास भाषा कळत नाहीं, रस्ता माहीत नसतो, जवळ पैसा नसतो. त्यास उतरावयास जागा लागते, आणि ती जागा गांववाल्याखेरीज दुसरा कोण देणार? गिरणगांवांत गांवकऱ्यांच्या खोल्या होत्या. एका खोलींत एकाच गांवचे वीस वीस, तीस तीस गडी पाळीपाळीनें निजत. एक पाळी कामावर गेली कीं दुसरी तिच्या अंथरुणावर अंग टाकी. धोबी तलावास गोंयकारांची कूड हीच सोय करी. आगबोटीवरील नोकरीची वाट पाहणारा खलाशी आपल्या गांवच्या कुडींत अल्प भाड्यानें राही, आणि त्याची पेटी तेथें सुरक्षित असे. गिरणी कामगारांच्या बायका खानावळी चालवून शेंकडों एकट्या पुरुषांच्या मुखीं अन्न घालीत. आजारांत औषध, बेकारींत उधारी, मेल्यावर खांदा हें सर्व त्या काळीं ना सरकार देत होतें ना मालक. तें जातीनें, गांवानें व नात्यानें दिलें. तेव्हां वस्तीचा हा आरंभींचा वेगळेपणा गरजेंतून निपजला, आणि निराधारास आधार देणाऱ्या कोणत्याहि संस्थेची निंदा करण्याची आमची इच्छा नाहीं.

परंतु स्वकीयास आंत घेणारें दार आणि परक्यास बाहेर ठेवणारें दार एकाच चौकटींत बसलेलें असतें, ही गोष्ट आमच्या समाजाभिमानी बंधूंनीं विसरतां कामा नये. गिरणीचेंच उदाहरण घ्या. यंत्र जात ओळखीत नाहीं, कारखाने वाढले म्हणजे जातिभेद आपोआप मावळेल, असें भाकित आमच्याकडील विद्वानांनीं कितीदां तरी केलें. प्रत्यक्षांत काय झालें? मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यांत पगार अधिक मिळे, आणि त्याच खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे. कारण असें दाखवीत कीं, धोट्यांतील कांडी बदलतांना सुताचें टोंक तोंडानें ओढावें लागतें, व अस्पृश्याच्या ओंठाचा स्पर्श झालेला धोटा इतरांस चालत नाहीं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकर यांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढें ठेवला. मालकाविरुद्ध एक होऊन लढणारे कामगार आपल्याच सोबत्यास साच्याजवळ उभें राहूं देत नव्हते. वेस शहरांत आली होती. ती खात्याच्या दारांत उभी होती.

घराच्या बाबतींत तर डॉ. आंबेडकरांचा स्वतःचा अनुभव प्रत्येक सुशिक्षितानें वाचून विचार करावा असा आहे. अमेरिका व इंग्लंड येथें विद्या संपादन करून ते १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नांव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमांत राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेली मंडळी दारांत येऊन उभी राहिली, आणि त्यांस तेथून निघावें लागलें. एका हिंदु व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मिळतो का हें त्यांनीं पाहिलें. दोघांनींहि सबबी सांगितल्या. अखेर सार्वजनिक बागेंत वेळ काढून ते मुंबईच्या गाडींत बसले. मुंबईंत परळास इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत, गिरणी कामगारांच्या शेजारीं, त्यांचीं अनेक वर्षें गेलीं, आणि पुढें दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांनीं ‘राजगृह’ बांधलें. नोकरी मिळाली, वेतन मिळालें, अधिकार मिळाला. एक खोली न मिळाल्यानें हें सर्व फुकट गेलें. घर नाकारणें म्हणजे केवळ चार भिंती नाकारणें नव्हे. घर नाकारलें कीं शाळा, नोकरी, दवाखाना व ओळखी हीं सर्वच अर्धीमुर्धी नाकारलीं जातात.

याची दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे, नाहीं तर या शहरास आम्ही अन्याय केला असें होईल. मुंबईनें वेशी मोडल्याहि आहेत. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी धांवूं लागली, आणि डब्यांतील बांकानें जें केलें तें शंभर व्याख्यानांस साधलें नसतें. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या संगमरवरी मेजावर शेजारच्या पेल्यांतून कोणाच्या जातीचा मनुष्य चहा पितो आहे हें विचारण्याची सोय नव्हती. गिरगांवांत १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला; नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगनें १९११ पासून गिरणगांवांत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. माहीमास बुधवारीं सेंट मायकेलच्या देवळांत मेणबत्ती लावावयास येणारांत सर्व धर्मांचे लोक असतात, आणि त्याच माहीमच्या दर्ग्याच्या उरुसांत मानाची चादर मुंबईच्या पोलिसांची असते. चाळीच्या सामायिक गॅलरीनें व सामायिक नळानें भांडणें लाविलीं तशीं नातींहि जोडलीं. हीं सर्व उदाहरणें नीट पाहिलीं तर त्यांत एक समान सूत्र आढळेल. जेथें जेथें मिश्रण झालें तेथें तेथें दार सर्वांस उघडें होतें, आणि पैसा देणारास किंवा पायरी चढणारास त्याची जात विचारण्याचा अधिकार कोणासहि नव्हता.

केवळ शेजारानें बंधुभाव उपजतो अशीहि आमची भाबडी समजूत नाहीं. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत सवर्ण व दलित कामगार समोरासमोरच्या चाळींतून राहत, एकाच प्रकारच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत दारिद्र्य भोगीत. तरी १९७४ च्या जानेवारींत तेथें दंगा पेटला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत सुमारें ९०० माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यानंतर मिश्र वस्तींतील कित्येक कुटुंबें आपापल्या धर्माच्या वस्तींत निघून गेलीं. मुंब्र्याची वाढ हें त्या भयाचें एक फळ आहे. ज्यांनीं भीतीनें घरें सोडलीं त्यांस वेगळे राहण्याची हौस होती, असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. तथापि वेगळें राहून भीति कमी होत नाहीं, ती फक्त सोईस्कर अंतरावर ठेवली जाते. ज्या मुलानें दुसऱ्या धर्माच्या घरांतील सणाचा फराळ खाल्ला नाहीं, त्यास त्या धर्माविषयीं कोणतीहि अफवा खरी वाटावयास कितीसा वेळ लागणार?

आतां आजची स्थिति पाहा. १९८२ च्या १८ जानेवारीस सुरू झालेल्या गिरणी संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि भोंग्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. मनोऱ्यास कोळीवाड्याचा इतिहास नाहीं, गांवकऱ्यांच्या खोलीची गरज नाहीं. तेथें राहणारास गांववाल्याच्या उधारीची वा खांद्याची निकड नसते. ज्या गरजेनें वेगळ्या वस्त्या निपजल्या ती गरज तेथें उरलेली नाहीं. तरी वेस उरली आहे, नव्हे, अधिक पक्की झाली आहे. भाड्यानें खोली शोधणारा तरुण दलालाकडे जातो. दलाल प्रथम नांव विचारतो, मग आडनांव विचारतो, मग गांव विचारतो, आणि एवढ्यानें समाधान न झाल्यास, “आपण मांसमच्छी खाणारे काय?” असें अति नम्रपणें विचारतो. तरुण मुसलमान असेल तर जागा नुकतीच गेलेली असते. तो दलित असेल तर मालकाचा भाचा येणार असतो. तरुणी एकटी राहणारी असेल तर संस्थेचा नियम आडवा येतो. कोणीहि कोणास अपशब्द बोलत नाहीं. खेड्यांतील वेस निदान डोळ्यांस दिसत होती. ही नवी वेस सभ्यतेच्या भाषेंत बोलते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कामांत तर १९९५ पासून एकाच भूखंडावर जुन्या रहिवाशांची एक इमारत व विक्रीची दुसरी इमारत उभी राहते. पुष्कळ ठिकाणीं फाटकें दोन, आवारें दोन, आणि मधोमध भिंत. शेजाऱ्यांत भिंत घालण्यासाठीं शहर इतका पैसा खर्च करतें, हें पाहून वेस बांधणाऱ्या आमच्या पूर्वजांसहि अचंबा वाटला असता.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जातात. पहिला असा कीं, घर ही खाजगी मालमत्ता आहे व तें कोणास द्यावें हें ठरविणें मालकाच्या खुषीवर आहे. आमचें उत्तर असें कीं, स्वतःच्या बिऱ्हाडांतील एखादी खोली कोणास द्यावी हा प्रश्न खुशाल मालकाकडे राहो. परंतु जो मनुष्य घरांचा व्यापार करतो, जाहिरात देतो, दलाल ठेवतो, त्याचें घर हें दुकानासारखेंच आहे. दुकानें, उपाहारगृहें, विहिरी व घाट यांवर जातधर्मावरून कोणास अडवूं नये असें आमच्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. पाणी पिण्याच्या विहिरीस जो न्याय, तो डोकें टेकण्याच्या छपरास कां लागूं नये?

दुसरा युक्तिवाद आहाराचा. शाकाहार ही पवित्र गोष्ट आहे व तिचा आम्ही आदर करतों. परंतु आहाराचा नियम आपल्या ताटापुरता असतो. तो जिन्यापलीकडच्या चुलीवर लादला कीं त्यास व्रत म्हणतां येत नाहीं, त्यास मक्ता म्हणावें लागतें. शिवाय या शहरांत आहाराच्या पडद्याआड जात व धर्म विचारला जातो हें उघड गुपित आहे. ज्या बेटांवर कोळ्यांच्या जाळ्यांनीं पहिली वस्ती केली, तेथें मासळीच्या वासाचें निमित्त करून घर नाकारावें, याहून मोठी कृतघ्नता ती कोणती?

तिसरा युक्तिवाद मात्र गंभीर आहे. लहान समाज म्हणतात, आमची संख्या घटत आहे. आमची वसाहत मोडली तर आमची भाषा, आमचे रीतिरिवाज व आमचें अस्तित्वच नाहींसें होईल. अहमदाबादेच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. सभासदत्व आपल्याच समाजापुरतें ठेवण्यास संस्थेस मोकळीक आहे, मूलभूत हक्कांचें बंधन सरकारावर आहे, खाजगी संस्थेवर नाहीं, आणि यांत बदल करणें हें विधिमंडळाचें काम आहे, असा त्याचा मथितार्थ. पारशी समाजानें दानधर्मानें बांधलेल्या वसाहतींचा आम्हांस आदर आहे, आणि गरीब पारशास स्वस्त घर मिळावें यांत आम्ही कांहींहि वावगें मानीत नाहीं. परंतु घटत्या समाजाचा बचावाचा हक्क हा बलिष्ठ व श्रीमंत समाजांच्या हातीं वगळण्याचें हत्यार म्हणून गेला तर त्याचा अर्थच पालटतो. ज्यांस शहरांतील प्रत्येक दार उघडें आहे, त्यांनीं अल्पसंख्याकांच्या युक्तिवादाची ढाल पुढें करणें शोभत नाहीं.

मग उपाय काय? कांहीं साधनें हाताशींच आहेत आणि गंजत पडलीं आहेत. अस्पृश्यतेवरून कोणासहि कोणत्याहि भागांत राहत्या जागेचा ताबा घेण्यास मज्जाव करणें हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याचें २३ वें कलम म्हणतें कीं, पात्र मनुष्यास पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारतां येणार नाहीं. परंतु नकार देणारा खरें कारण कधींच लिहून देत नाहीं, म्हणून हीं कलमें पुस्तकांतच राहतात. यास्तव विधिमंडळानें घराची विक्री व भाडेपट्टी यांत जात, धर्म, आहार किंवा अविवाहितपणा या कारणांनीं नकार देण्यास स्पष्ट मनाई करावी, नकाराचें कारण लेखी देण्याची सक्ति करावी, आणि दलालासहि जबाबदार धरावें. अमेरिकेंत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजीं हत्या झाली, आणि अवघ्या सात दिवसांनीं वर्ण व धर्म यांवरून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा तेथें अंमलांत आला. त्या एका कायद्यानें तेथील वस्त्या एकजीव झाल्या नाहींत हें खरें. पण नाकारलेल्या मनुष्यास न्यायालयाचें दार ठोठावण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे असा कायदा होण्यापूर्वीं कोणा महापुरुषाचें रक्त सांडावें लागूं नये. पुनर्विकासाच्या परवानग्या देणाऱ्या अधिकाऱ्यांनींहि एक साधी अट घालावी: एका भूखंडास एक फाटक, आणि मुलांस खेळावयास एक अंगण.

तथापि कायदा येईपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत, कित्येक घरमालक आहेत. त्यांस आमची विनंति इतकीच आहे कीं, पुढच्या बैठकींत एखाद्याचें नांव वाचून कोणी सभासद घसा खाकरून थांबला, तर त्या वेळीं गप्प बसूं नये. ‘हरकत काय आहे ती इतिवृत्तांत लिहा’ एवढें तरी म्हणावें. अन्यायास शिव्याशापांचें फारसें भय वाटत नाहीं, पण आपलें कारण शाईनें लिहून त्याखालीं सही करण्यास तो कचरतो.

मुंबईंतील मोहल्ले, वाड्या व चाळी नाहींशा व्हाव्या, सर्वांनीं एक भाषा बोलावी व एकच अन्न खावें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. माटुंग्याची कॉफी माटुंग्यास राहो, मोहरमाचें सरबत भेंडी बाजारांत वाटलें जावो, गिरगांवांत गुढ्या उभ्या राहोत. ज्यास आपल्या लोकांत राहण्यांत सुख वाटतें त्यानें खुशाल तेथें राहावें. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, ज्यास तेथून बाहेर पडावेंसें वाटेल त्यास बाहेर पडतां यावें, आणि जो आंत येऊं इच्छील त्यास त्याच्या आडनांवावरून परत पाठवूं नये. पोटासाठीं वेस ओलांडून आलेल्या माणसांनीं हें शहर वसविलें. त्यांच्या नातवंडांस येथेंच दुसऱ्या वेशीपाशीं ताटकळत उभें करणें या शहरास लांछनास्पद आहे.